दोनशे बारा डबे आणि एक विसराळू ब्राउझर

एक गोष्ट सुरुवातीलाच छातीठोकपणे सांगतो. या पृथ्वीतलावरच्या एकाही कंपनीला माझ्याबद्दल काहीही माहीत नाही! माझं वय, माझं वजन, माझ्या चपलेचं माप... काही म्हणजे काही नाही! तुम्ही एकदा चुकून पंख्याची किंमत बघता आणि मग आठवडाभर पंखे तुमच्या मागे लागतात. माझ्या मागे आजवर साधा टेबलफॅनही लागलेला नाही.

मी मारवोतो. विषुववृत्ताजवळच्या सलातिगा गावात, एका माध्यमिक शाळेत संगणक शिकवतो. घरात मोठ्या कंपनीचं एकही सॉफ्टवेअर नाही. जे आहे ते खुलं, फुकट आणि सगळ्या जगाने मिळून तयार केलेलं. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. ब्राउझर तर असा निवडलाय, की बंद केला रे केला की सगळं विसरतो! कुठे गेलो, काय पाहिलं, काय लिहिलं, सगळं साफ. शिवाय तो माझा पत्ता दरवेळी वेगळा सांगतो. त्यामुळे इथे घामाने बनियन चिंब झालेलं असताना माझा लॅपटॉप मला 'आज बर्फवृष्टी, मफलर विसरू नका' असं बजावत असतो.

"त्या लॅपटॉपपेक्षा आपला कोंबडा बरा. निदान आपण कुठल्या देशात आहोत ते त्याला कळतं," असं आमची ही, म्हणजे वुर्यानी, म्हणते. तिला यातलं काही कळत नाही, असं माझं मत होतं. मत होतं, हे लक्षात ठेवा.

आणि माझी एक सवयही लक्षात ठेवा. मागून कोणाच्या पावलांचा आवाज आला, की माझा हात आपोआप जातो आणि पडद्यावरची खिडकी फटकन बंद करतो. मग मी भले भाताच्या कुकरची माहिती वाचत असेन!

तर यंदा आमच्या किनांतीचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी. आमच्याकडे लग्नाचं खरं आमंत्रण म्हणजे पत्रिका नव्हे, जेवणाचा डबा. लग्नाच्या आठवडाभर आधी प्रत्येक घरी पुठ्ठ्याचा डबा जातो. त्यात भात, नारळाच्या रश्शातली कोंबडी, शेवया, तिखट बटाटे, एक केळं, आणि वर झाकणाला घरातल्या कर्त्याच्या नावाची चिठ्ठी. ज्याने डबा खाल्ला त्याने लग्नाला यायचंच. ज्याला डबा आला नाही तो येत नाही. रागावतही नाही, भांडतही नाही. फक्त येत नाही. आणि पुढच्या तीन पिढ्या विसरत नाही!

आमच्याकडून असं एकदा झालेलं होतं. चोवीस वर्षांपूर्वी, किनांतीच्याच बारशाला. यादी माझ्याकडे होती आणि माझ्या हातून एकच घर सुटलं: गल्लीच्या टोकाचे रुस्दी सुतार. ज्यांनी किनांतीचा पाळणा बनवला होता, तेच! त्या पाळण्यात पोरगी झोपली होती, सगळी आळी कोंबडी खात होती आणि रुस्दी आपल्या घरात वाट बघत होते. तेव्हापासून त्यांनी आमचा उंबरठा ओलांडलेला नाही. रस्त्यात भेटले की हसतात, "काय सर, बरं आहे ना?" म्हणतात आणि पुढे जातात. भांडले असते तर मिटवता आलं असतं हो! सभ्यपणापुढे माणूस काय करणार?

वुर्यानीने मला समोर बसवून सांगितलं, "हे बघा, लग्नात फुलं कमी पडली तरी चालेल, तुमचं पोट त्या कोटात मावलं नाही तरी चालेल. पण रुस्दीभाऊंचं घर यावेळी चुकलं, तर मी तुम्हाला माफ करणार नाही. ऐकताय ना?"

"अगं, तू निर्धास्त राहा. यादी मी करतो."

"मागच्या वेळीही तुम्हीच केली होती."

"तेव्हा कागद होता! आता तंत्रज्ञान आहे!"

तेवढ्यात आल्या तुमिनी काकू. आळीच्या प्रमुखाची बायको. आमच्या आळीत कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाला काय पचलं आणि कोणाचं काय बिनसलं, हे त्यांना त्या त्या घराच्या आधी कळतं. त्या म्हणाल्या, "यादी कशाला हवीय? आळीच्या ग्रुपवर टाका. बायका बघून बघून नावं लिहितील. एका दुपारचं काम!"

मी ताडकन उठलो. "ग्रुपवर? दोनशे बारा घरांची नावं आणि पत्ते? काकू, तो ग्रुप कोणाचा आहे माहीत आहे का? परदेशातल्या कंपनीचा! उद्या त्यांना कळेल, सलातिगात कोण कोणाच्या लग्नाला जातंय!"

"कळू दे की. त्यांनाही डबा पाठवू!" काकू म्हणाल्या.

पण मी ऐकणाऱ्यातला नाही. मी वुर्यानीने सांगितलेली सगळी नावं एका खुल्या, मोफत प्रोग्रॅममध्ये भरली. हा प्रोग्रॅम ब्राउझरमध्येच चालतो, आणि त्याची खासियत म्हणजे त्यातलं काहीही बाहेर जात नाही, ब्राउझरच्याच पोटात राहतं! प्रत्येक घराला एकेक नंबर दिला. तेही सरळ क्रमाने नाही, पत्ते पिसावेत तसे पिसून! म्हणजे वाटेत कोणी डबा पाहिला, तरी कळायचं नाही कोणाचा. नंबरांच्या चिठ्ठ्या सुबक छापल्या. आणि नावं लिहिलेला वुर्यानीचा कागद? सुरक्षेच्या दृष्टीने तो मी स्वयंपाकाच्या चुलीत टाकला.

चिठ्ठ्या पाहून वुर्यानी म्हणाली, "अहो, नाव नाही? माणसाला आपलं नाव बघून बरं वाटतं."

"नाव म्हणजे खासगी माहिती!" मी म्हणालो.

शनिवारी पहाटेपासून मागच्या अंगणात आळीतल्या वीस-बावीस बायका कामाला लागलेल्या. एकीकडे नारळ, एकीकडे कोंबड्या, मध्ये गप्पांचा फड. नऊच्या सुमाराला डबे भरून तयार. मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन सेनापतीसारखा बसलो. माझा मेहुणा पर्योनो आणि त्याचे तीन मित्र मोटरसायकली घेऊन उभे. मी चिठ्ठी बघायचो, पडद्यावर नंबर शोधायचो, घर सांगायचो, की निघाली गाडी! काम असं सुरळीत चाललं, की मला वाटलं, लग्नं लावून देण्याचाच धंदा काढावा.

अंदाजे शंभरएक डबे गेले असतील. आणि माझ्या पाठीमागून आवाज आला, "काय बघताय सर?"

तुमिनी काकू चहा घेऊन आल्या होत्या.

आणि माझा हात गेला. फटकन!

ब्राउझर बंद झाला. आणि मी त्याला जे शिकवलं होतं, ते त्याने एखाद्या आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखं केलं. सगळं विसरला.

मी पुन्हा उघडला. कोरा! बंद करून पुन्हा उघडला. 'नमस्कार! आपण पहिल्यांदाच आला आहात असं दिसतं,' तो म्हणाला. वर पुन्हा बर्फवृष्टी!

समोर शंभराहून जास्त डबे, प्रत्येकावर सुबक छापलेला नंबर, आणि कुठला नंबर कोणाचा हे जगात कोणालाही ठाऊक नाही. कंपन्यांना नाही, सरकारला नाही, मलाही नाही! एवढी गोपनीयता मी आयुष्यात पाहिली नव्हती.

मी पर्योनोला बाजूला घेतलं. "आतापर्यंत कुठे कुठे दिलेस रे डबे?"

"भावजी, तुम्हीच तर सांगितलं होतंत, पोचवला की विसरून जायचं!"

"अरे, पण थोडंफार तरी..."

"तुम्ही शपथ घातली होतीत."

"रुस्दी सुतारांकडे गेला का डबा? एवढं तरी आठव!"

पर्योनोने डोकं खाजवलं. त्याच्या मित्रांनी एकमेकांची डोकी खाजवली. एक म्हणाला, गेला असावा. दुसरा म्हणाला, ते टोकाचं घर ना, कुत्र्यावालं? नाही, कुत्र्यावालं वेगळं.

"अहो, थांबलात का?" अंगणातून वुर्यानीचा आवाज आला. "भात गार होतोय!"

"तांत्रिक विश्रांती!" मी ओरडलो. संगणक शिकवणाऱ्या माणसाला हा शब्द फार उपयोगी पडतो.

इतक्यात फोन वाजला. खालच्या गल्लीतले गुनादी.

"सर, डबा मिळाला! फर्मास आहे! आणि कूपनही मिळालं बरं का. एकशे चव्वेचाळीस!"

"कूपन?"

"वरती चिकटवलंय ते. सोडत काढणार ना लग्नात? बक्षीस काय ठेवलंय?"

आता हे तुम्हाला कळायला हवं. आमच्या गावात कागदावर नंबर छापलेला दिसला, की त्याचा एकच अर्थ होतो: सोडत! प्रभातफेरी असो, शाळेचं संमेलन असो, सहकारी संस्थेची सभा असो, आधी नंबराचं कूपन आणि शेवटी बक्षीस. माणसं सभेला भाषणासाठी बसतात असं वाटतं का तुम्हाला? सायकलीसाठी बसतात! मी या गावात जन्मलो, वाढलो, स्वतः एकदा प्लास्टिकची बादली जिंकलो, आणि तरी दोनशे बारा घरांना नंबर पाठवताना हे माझ्या डोक्यात आलं नाही.

'नाही हो, तसं काही नाही,' असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि तिथेच बुद्धी फिरली. मला वाटलं, अरे, ज्याला नंबर मिळाला तो स्वतःच सांगतोय की! सगळ्यांनी असंच सांगितलं, तर कोणाला डबा गेला ते आपोआप कळेल, आणि वुर्यानीला काहीच कळणार नाही!

"गुनादी, कूपन जपून ठेवा," मी घसा खाकरून म्हणालो. "आणि सगळ्यांना सांगा, आपापला नंबर नोंदवा."

"बक्षीस मोठं आहे वाटतं?"

"बघू या!" मी म्हणालो. बघू या! याहून महाग शब्द मी आयुष्यात उच्चारलेला नाही.

मला वाटलं होतं, लोक मला फोन करतील. मला कोण विचारतो! पंधरा मिनिटांत अंगणातल्या झाडून सगळ्या बायकांचे फोन टिणटिणायला लागले. आळीच्या ग्रुपवर फोटोंचा पूर आला होता. प्रत्येक घर आपला डबा, आपला नंबर आणि आपलं अख्खं कुटुंब हसत हसत पाठवत होतं! 'गुनादी परिवार, खालची गल्ली, घर नंबर सहा, कूपन एकशे चव्वेचाळीस!' 'आम्ही मशिदीसमोरचे, नव्वद! आजीला आज बरं वाटतंय!' कोणी दारावरची पाटी दाखवली, कोणी सोबत तान्हं बाळ धरलं. नावं, पत्ते, चेहरे, तब्येती! जी यादी मी कंपनीपासून लपवायला निघालो होतो, ती अख्खी आळी स्वखुशीने, फोटोंसकट, तिला अर्पण करत होती!

आणि मधूनमधून बक्षीसही वाढत होतं. आधी मिक्सर. मग फ्रिज. 'नवऱ्याकडचे सोलो शहरातले आहेत म्हणे, श्रीमंत आहेत,' असं कोणीतरी लिहिलं आणि फ्रिजची मोटरसायकल झाली!

वुर्यानी हातातला झारा तसाच घेऊन ओट्यावर आली. मागे तुमिनी काकू.

"अहो, मोटरसायकल कोण देतंय?"

मी लॅपटॉपकडे पाहिलं. लॅपटॉपने माझ्याकडे पाहिलं नाही. कॅमेऱ्यावर पट्टी होती. मग मी सगळं सांगून टाकलं. यादी, नंबर, चूल, खिडकी, सगळं.

मला वाटलं होतं, ती ओरडेल. ती ओरडली नाही. ती हळूच म्हणाली, "रुस्दीभाऊंना डबा गेला का?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिचे डोळे भरून आले. तो झारा मला लागला असता तर बरं झालं असतं.

तुमिनी काकूंनी मात्र पदर खोचावा तशा बाह्या वर सारल्या. "रडायला नंतर वेळ आहे. भात गार होतोय. सर, तुम्ही बाजूला बसा आणि कशालाही हात लावू नका!" मग त्यांनी एका हातात फोन घेतला आणि बोलायला लागल्या. पहिल्या गल्लीपासून, घरामागून घर, कागद नाही, पडदा नाही! "हे मिळालं, फोटो आलाय. हे मिळालं. हे राहिलं, लिही ग नाव. इथे दोन चुली झाल्यात गेल्या महिन्यात, दोन डबे. हे मिळालं, पण तो मुलगा फोटोत का नाही? रुसलाय वाटतं." तासाभरात उरलेल्या डब्यांवर माझे नंबर फाडून हाताने लिहिलेली नावं लागली आणि मोटरसायकली सुटल्या. दोनशे अकरा घरं एका बाईच्या डोक्यात होती, आणि ती कधी बंदही होत नाही!

दोनशे अकराच. कारण दोनशे बाराव्या घराला डबा गेला की नाही, हे फोटोवरून कळणारच नव्हतं. रुस्दी सुतारांकडे स्मार्टफोनच नाही. ते ग्रुपवर नाहीत, कुठेच नाहीत. काकूंनी पहिल्यांदाच हातातला फोन खाली ठेवला. "त्या माणसाचं काही म्हणजे काही कळत नाही हो!" त्या म्हणाल्या.

"जा," वुर्यानी मला म्हणाली. "विचारून या."

आता, 'आमचा डबा मिळाला का?' असं आमच्याकडे कोणी तोंडावर विचारत नाही. मी रुस्दींच्या ओसरीवर बसलो. आधी हवेवर बोललो. मग सागवानावर. मग त्यांच्या कोंबडीच्या पायाची चौकशी केली. त्यांनी गोड चहा दिला. आणि तेव्हा मला दिसलं, की त्यांच्या मागच्या टेबलावर, जाळीच्या झाकणाखाली, आमचा डबा होता. मला इतका आनंद झाला, की चहा नाकात गेला!

पण डबा उघडलेलाच नव्हता. दुपारचे दोन वाजले होते.

"रुस्दीभाऊ, जेवला नाहीत?"

त्यांनी वळून डब्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सर, तो डबा कोणाचा आहे?"

"म्हणजे काय? तुमचाच!"

"त्यावर नाव नाही."

"नंबर आहे ना. सतरा."

"सतरा म्हणजे मी का?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मागे एकदा डबा आला नाही," ते म्हणाले. आवाज अगदी शांत. "तो चुकून आला नाही, असं मी धरून चाललो. आज आला. म्हटलं, हाही चुकून आला असेल तर? मी उघडायचा, आणि मग तुमचा माणूस मागायला यायचा. उष्टा डबा परत कसा देऊ? म्हणून ठेवला तसाच. वास मात्र फार छान येतोय."

सकाळपासून तो माणूस कोंबडीचा वास घेत उपाशी बसला होता हो! मला इतकी लाज वाटली, की जमीन दुभंगली असती तर मी लॅपटॉपसकट आत गेलो असतो. चिठ्ठ्या पाहून वुर्यानीने दोन वाक्यांत जे सांगितलं होतं, ते मला तिथे बसून कळलं. मी त्यांच्या कानामागची सुतारकामाची पेन्सिल मागून घेतली, नंबराची चिठ्ठी काढली आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: रुस्दी. खाली लिहिलं: आमच्या किनांतीचा पाळणा बनवणारे.

"चोवीस वर्षं उशीर झाला," मी म्हणालो. "चूक माझी होती. तेव्हाही आणि आजही."

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग डबा उघडला आणि अर्धी कोंबडी माझ्या पुढ्यात ठेवली. आम्ही दोघं बोटं चाटत जेवलो. सतराची चिठ्ठी त्यांनी घडी करून खिशात ठेवली आणि हळूच विचारलं, "सर, ती मोटरसायकलची गोष्ट खरी आहे का?"

फोन नसलेल्या माणसापर्यंतही पोचली होती!

लग्नाला किती लोक आले, ते विचारू नका. ज्यांना डबा गेला ते आले, ज्यांना गेला नाही तेही कूपन मागायला आले. जेवणं झाली, पण एक माणूस खुर्चीवरून उठेना. सगळ्यांची नजर मांडवाबाहेर, मोटरसायकल कुठे झाकून ठेवलीय याच्या शोधात.

"आता?" मी वुर्यानीला विचारलं.

"'बघू या' कोण म्हणालं होतं? तुमचं तोंड, तुमचं बक्षीस," ती म्हणाली. ज्यांच्या चिठ्ठ्या फाडल्या होत्या, त्यांनाही तिने दारातच नंबर देऊन ठेवले होते. आणि मोटरसायकल आणायची माझी ऐपत नव्हती. घरात नवं, सोडतीत शोभेल असं एकच होतं.

नवरीने नंबरांच्या मडक्यात हात घातला. "सतरा!"

शेवटच्या रांगेतून रुस्दी उठले. इस्त्रीचा बाटिक शर्ट, खिशातून काढलेली घडीची चिठ्ठी. किनांतीने वाकून नमस्कार केला आणि माझा लॅपटॉप त्यांच्या हातात दिला. मांडवात टाळ्यांपेक्षा 'मोटरसायकल नाही होय?' हाच आवाज मोठा होता. वुर्यानी मात्र हसत होती आणि डोळे पुसत होती. त्या दिवशी रुस्दी आमच्या घरात आले, ते खुर्च्या आवरून, उरलेला भात बांधून घेऊनच गेले.

आठवड्याने मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, लॅपटॉप शिकवून येऊ. तो ओसरीतल्या फळीवर, जुन्या लुंगीत गुंडाळलेला होता. वर लाकूड चिकटवायच्या सरसाचा डबा.

"चालू नाही केलात?"

"कशाला? बंद आहे तोवर काही त्रास देत नाही," रुस्दी म्हणाले आणि रंधा मारायला लागले.

कॅमेऱ्यावर पट्टी, पट्टीवर लुंगी, लुंगीवर सरस! दहा वर्षं रात्रंदिवस डोकं फोडून मला जे साधलं नाही, ते त्यांनी एकही बटण न दाबता साधलंय. जगातला सर्वांत सुरक्षित संगणक सध्या सलातिगात, एका सुताराच्या फळीवर आहे. पण हे कोणाला सांगू नका. तुमिनी काकूंना माहीत आहेच.